मापरेषा आणि चांदीची तार

सूक्ष्मदर्शकातून घेतलेल्या छायाचित्राखाली ‘४०० पट’ असे छापण्याची रीत पाठ्यपुस्तकांतून अजून गेलेली नाही. छापताना चित्र निम्मे केले की ही ओळ खोटी ठरते आणि कुणाच्या ध्यानातही येत नाही. चित्रातच आखलेली मापरेषा, म्हणजे स्केल बार, मात्र चित्राबरोबर आक्रसते आणि खरी राहते.

रॉबर्ट हूकने ‘मायक्रोग्राफिया’च्या (१६६५) प्रस्तावनेत आपली युक्ती सांगितली आहे. एका डोळ्याने सूक्ष्मदर्शकातून पाहायचे, दुसऱ्या उघड्या डोळ्याने त्याच्या बैठकीवरची पट्टी. दोन्ही दृश्ये एकमेकांवर पडली की वस्तू किती मोठी दिसते ते मोजता येते. युक्ती देखणी, पण पट्टी भिंगाबाहेरच राहते. डेल्फ्टचा कापडव्यापारी लेव्हेनहुक वाळूच्या कणाशी तुलना करी, आणि वाळूचे कण काही एकाच मापाचे नसतात.

या इतिहासात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो इंग्रज वैद्य जेम्स ज्युरिन. १७१८च्या सुमारास त्याने चांदीची बारीक तार टाचणीवर वेढ्याला वेढा भिडवून गुंडाळली, वेढ्यांची एकूण लांबी मोजून तिला त्यांच्या संख्येने भागले, आणि त्या तारेचे तुकडे भिंगाखालच्या वस्तूवरच पसरले. काही तुकडे त्याने लेव्हेनहुककडेही पाठवले. तारेची जाडी इंचाचा १/४८५ भाग. तेवढ्या रुंदीत चार रक्तपेशी मावल्या. म्हणजे एक पेशी इंचाचा १/१९४० भाग, आजच्या हिशेबाने सुमारे १३ मायक्रॉन. तांबडी पेशी असते सात-आठ मायक्रॉनची. आकडा फसला, पण रीत पक्की होती: माप आणि वस्तू एकाच भिंगाखाली.

आज तारेच्या जागी रेघा कोरलेली काचपट्टी आहे. प्रत्येक भिंगातून तिचे एकदा छायाचित्र घेतले की एका पिक्सेलमागे किती मायक्रॉन हे संगणकाला कळते. पुढची प्रत्येक मापरेषा मात्र तो आठवणीवरून आखतो. खरा धोका इथेच आहे. हाताने ४०चे भिंग काढून १०चे फिरवले आणि संगणकाला सांगितले नाही, तर १०० मायक्रॉन लांबीच्या रेषेखाली तो निर्धास्तपणे २५ लिहितो. मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगात गाठीची जाडी मिलिमीटरच्या दशांशापर्यंत मोजून उपचार ठरतात. तिथे चौपट चूक म्हणजे काय, ते सांगायला नको.

पडद्यावर चित्र मोठे केले की रेषेने ताणले जावे, किंवा लांबी तीच ठेवून आकडा बदलावा. दोन्ही मला चालेल. चित्राचा आकार बदलला की पिक्सेलचे मापही आपोआप बदलावे. वेन रासबंड यांचे ‘इमेजजे’ हे करते, पण चित्र जेपेगमध्ये साठवले की माप गळून जाते. म्हणून रेषा प्रतीवर उमटवावी, मूळ चित्र कोरे ठेवावे. आणि भिंग कोणते याची खात्री नसेल तर जुन्या मापावर रेषा न आखता संगणकाने आधी विचारावे.