फिरते हस्तलिखित आणि जपानी चित्रकथा

हस्तलिखित आपल्या घरांना परके नाही. प्रत एकच, वाचणारे अनेक. जपानी चित्रकथेच्या, म्हणजे मांगाच्या, इतिहासातही हाच प्रकार भेटतो.

१९४७ ते १९५५ या काळात निघालेले ‘मांगा शोनेन’ हे मासिक हौशी मुलांची चित्रे मागवून छापत असे. तिथे चित्रे पाठवणाऱ्या शोतारो इशिनोमोरी या मियागी प्रांतातल्या विद्यार्थ्याने समवयस्क हौशी चित्रकारांचे मंडळ जमवले आणि ‘शाईचा एक थेंब’ अशा अर्थाच्या नावाचे हस्तलिखित काढले. मूळ चित्रे एकत्र बांधलेला तो अंक सभासदांमध्ये फिरे. छपाईत लपणारी खाडाखोड, रेघेचा कमीजास्त दाब मूळ पानावर उघड दिसतो. शिकवायला गुरू नव्हता. बरोबरीच्यांचा हात पाहूनच आपला हात सुधारायचा. रासायनिक कारखान्यात काम करणारा फुजिओ आकात्सुकाही याच मंडळातला. पुढे दोघेही जपानचे नामवंत चित्रकथाकार झाले.

मोठ्यांच्या पहिल्या रेघा अशा कच्च्या कागदांवरच सापडतात. आपल्या माळ्यावर, ग्रंथालयाच्या कपाटात एखादे जुने हस्तलिखित असेल, तर ते रद्दीत घालण्यापूर्वी एकदा उघडून पाहा. छापील अंकाची दुसरी प्रत मिळेल. याची मिळणार नाही.