बीडपासून डिग्री किती लांब?

मागच्या जूनमध्ये मोहल्ल्यातली एक मुलगी ॲडमिशनचा फॉर्म घेऊन घरी आली. बारावीला चांगले मार्क होते. फॉर्मवरच्या ‘ऑनर्स’ या शब्दाखाली तिनं पेनानं रेघ मारली होती. “मामू, हे काय असतं?” मी सांगितलं, नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षं केली की पदवी मिळते, चौथं वर्ष पूर्ण केलं की ऑनर्सची पदवी. तिनं लगेच दुसरा प्रश्न विचारला, “चौथं वर्ष इथंच होईल ना?”

मला छातीठोक उत्तर देता आलं नाही. ते कॉलेजवर आणि विषयावर अवलंबून आहे. पण ती गेल्यावर लक्षात आलं, की बीड जिल्ह्यात हा प्रश्न शंभर वर्षं जुना आहे. शिकायचं तर आहे, पण कुठं जाऊन आणि कोणत्या भाषेत?

बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं आणि आजचं अंबाजोगाई कागदोपत्री मोमिनाबाद होतं. 1917 साली मीर उस्मान अली खान यांनी विद्यापीठाचं फर्मान काढलं, 1918 मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालं. अकबर हैदरी यांनी त्यासाठी जो युक्तिवाद केला, तो आजही पटण्यासारखा आहे. परक्या भाषेत शिकणाऱ्या विद्यार्थ्याची निम्मी ताकद भाषा पेलण्यातच खर्च होते, मग तो विषय कधी शिकणार? म्हणून तिथं इंग्रजी सक्तीचा विषय राहिली, पण शिकवण्याची भाषा उर्दू झाली. मुंबई, मद्रास, कलकत्ता इथली विद्यापीठं इंग्रजीत शिकवत असताना एका भारतीय भाषेत पदवीपर्यंतचं शिक्षण देणं ही लहान गोष्ट नव्हती.

त्यासाठी ‘दारुल तर्जुमा’ म्हणजे अनुवाद विभाग उभारला गेला. त्याची सुरुवातीची धुरा मौलवी अब्दुल हक यांच्याकडं होती. ‘उमराव जान अदा’चे लेखक मिर्झा हादी रुसवा तिथं अनुवाद करत, पुढं जोश मलिहाबादीही तिथं नोकरीला होते. तबीइयात, कीमिया, मआशियात, म्हणजे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, अर्थशास्त्र, या विषयांची शेकडो पुस्तकं उर्दूत आली. नवे शब्द घडवायला समित्या बसत. डॉक्टरकीसुद्धा उर्दूत शिकवली गेली. मातृभाषेत विज्ञान शिकवता येत नाही, असं आज मराठीबद्दल म्हणणाऱ्यांनी हा इतिहास जरूर पाहावा.

या कामाचा एक मोठा धागा मराठवाड्यातून जातो. अब्दुल हक औरंगाबादेत शिक्षण खात्याचे अधिकारी होते. त्यांची ‘अंजुमन तरक्की-ए-उर्दू’ अनेक वर्षं तिथूनच चालली, 1921 पासून ‘उर्दू’ हे त्रैमासिकही तिथूनच निघत होतं. 1923 मध्ये औरंगाबादेत इंटरमिजिएट कॉलेज सुरू झालं. आजचं शासकीय कला व विज्ञान महाविद्यालय ते हेच. बीडच्या मुलाची वाट साधारण अशी होती: मॅट्रिक, मग इंटरसाठी औरंगाबाद, पदवीसाठी हैदराबाद. सव्वाशे किलोमीटर एका दिशेला, चारशेच्या घरात दुसऱ्या दिशेला.

इथवरचा इतिहास आपल्याकडच्या मुशायऱ्यांत आणि जलशांत अभिमानानं सांगितला जातो. तो खराही आहे. पण तो अर्धाच आहे.

संस्थानात तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारे बहुसंख्य होते. उर्दू मातृभाषा सांगणारे साधारण दहात एक. म्हणजे हैदरींचा मातृभाषेचा युक्तिवाद बरोबर होता, फक्त तो दहातल्या एकाला लागू झाला. उरलेल्या नऊ जणांसाठी उर्दू इंग्रजीइतकी परकी नसेल, पण घरची नव्हती. आणि बीडच्या खेड्यातला मुसलमान? तो घरात दखनी बोलत होता, शेतात आणि बाजारात मराठी. दारुल तर्जुमाची अरबी-फारसी वळणाची परिभाषा त्याच्याही डोक्यावरूनच जात असणार. उस्मानिया ‘मुसलमानांचं’ विद्यापीठ होतं असं म्हणताना हा पिंजारी, मोमीन, बागवान, तांबोळी मुसलमान हिशेबात धरला जात नाही. भारतात विलीन झाल्यावरच्या 1951 च्या जनगणनेतही हैदराबाद राज्यातली साक्षरता दहा टक्क्यांच्या आतच होती. त्यात तो कुठं असेल, हे सांगायला आकड्यांची गरज नाही.

मराठीसाठी लोकांनी स्वतःची सोय केली. अंबाजोगाईत 1917 मध्येच योगेश्वरीची शाळा सुरू झाली होती. योगायोग पाहा, उस्मानियाचं फर्मान निघालं तेही त्याच वर्षी. पुढं स्वामी रामानंद तीर्थ या शाळेत शिकवायला आले आणि इथूनच हैदराबादच्या स्वातंत्र्यलढ्यात गेले.

1938 मध्ये वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून औरंगाबाद आणि हैदराबादच्या विद्यार्थ्यांचा प्रशासनाशी संघर्ष झाला. अनेकांना शिक्षण सोडावं लागलं, नागपूर विद्यापीठानं त्यांना सामावून घेतलं. पी. व्ही. नरसिंह राव त्यांपैकीच एक. हा प्रसंग आपल्याकडं हिंदू-मुस्लिम चष्म्यातून सांगितला जातो. पण त्याच उस्मानियातून एम. ए. झालेला मख्दूम मोहिउद्दीन हा शायर पुढं निजामशाहीच्या विरोधात कम्युनिस्ट चळवळीत उतरला, हे त्याच दमात सांगितलं पाहिजे. विद्यापीठ सरकारचं होतं, पण तिथले सगळे विद्यार्थी सरकारचे नव्हते. हिंदूही नव्हते आणि मुसलमानही नव्हते.

सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस ॲक्शन झाली. तिच्या हिंसेबद्दल आता थोडंफार लिहिलं जातं. दुसऱ्या एका नुकसानीबद्दल फारसं कुणी बोलत नाही. कचेरीची, कोर्टाची आणि विद्यापीठाची भाषा थोड्याच काळात बदलली. उस्मानियातून उर्दू माध्यम गेलं, इंग्रजी आली. काल ज्याच्याकडं लोक अर्ज लिहून घ्यायला येत होते, त्यालाच आज अर्ज वाचून घ्यायला दुसऱ्याकडं जावं लागलं. शिकलेली माणसं शिकलेली असूनही अडाणी ठरली. मराठवाड्यातल्या मुस्लिम घरांत ‘शिकून काय मिळणार’ हे वाक्य ऐकू येतं, त्याचं एक मूळ मला इथं दिसतं.

मग डिग्री हळूहळू जवळ येऊ लागली. 1950 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं औरंगाबादेत कॉलेज सुरू केलं, तेच पुढं मिलिंद महाविद्यालय झालं. सुरुवातीला तेही उस्मानियालाच संलग्न होतं. 1956 मध्ये अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय निघालं. 23 ऑगस्ट 1958 ला मराठवाडा विद्यापीठ आलं, 1960 मध्ये बीडला बलभीम महाविद्यालय. 1963 मध्ये डॉ. रफिक झकेरियांच्या पुढाकारानं औरंगाबादेत मौलाना आझाद कॉलेज उभं राहिलं. पुढं बीडमध्येच मिल्लिया कॉलेज आलं आणि ज्या मुलींना बाहेरगावी पाठवलं नसतं, त्यांच्यासाठी पदवी रिक्षाच्या अंतरावर आली.

विद्यापीठ जवळ आलं तरी ते कुणाचं, हा वाद राहिलाच. बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव 1978 मध्ये झाला, त्यानंतर मराठवाड्यात दलितांची घरं जाळली गेली. नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडावं लागलं. दहातल्या एकाचं विद्यापीठ सर्वांचं करणं कुणालाच सोपं गेलेलं नाही.

म्हणून मला वाटतं, मराठी मुसलमानानं या वारशाची वाटणी करू नये. दारुल तर्जुमा आपला आहे, योगेश्वरी आणि मिलिंदही आपलेच आहेत. पहिल्यानं आपल्या भाषेत ज्ञान आणता येतं हे दाखवलं. बाकीच्यांनी ते दारापर्यंत आणावं लागतं हे शिकवलं.

बीड शहराला रेल्वे मिळायला 2025 साल उजाडलं. आजही इथली हजारो कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि त्यांची कॉलेजात जाणारी मुलं मागं एकटी चूल सांभाळतात. अशा जिल्ह्यात चौथं वर्ष म्हणजे आणखी एक वर्षाची फी, आणखी एक वर्ष कमाई नाही. आणि मुलगी असेल तर घरच्यांशी आणखी एक वर्षाचं भांडण. ते वर्ष परगावी असेल, तर ऑनर्स पुन्हा दहातल्या एकालाच मिळेल.

त्या मुलीनं ॲडमिशन घेतलं आहे. तीन वर्षांचा वेळ आहे. तोवर तिच्या कॉलेजात चौथं वर्ष सुरू व्हावं म्हणून पालकांनी, माजी विद्यार्थ्यांनी आतापासूनच विचारणा करायला हवी. मी माझ्या परीनं सुरुवात केली आहे.