वादळामुळे सोहळा रद्द व्हायची वेळ आली, लोकांनी खिडक्यांत दिवे लावले आणि ल्योंचा प्रकाशोत्सव सुरू झाला

डिसेंबरचा दुसरा आठवडा आला की इन्स्टाग्रामवर एका प्रकारची रील हमखास फिरायला लागते. समोर शेकडो वर्षं जुनं दगडी चर्च, खाली मुंगीला शिरायला जागा नाही अशी गर्दी आणि बघता बघता चर्चची भिंत वितळायला लागते. खांब वाकतात, खिडक्यांतून झाडं उगवतात, सगळी इमारत कोसळते आणि पुढच्या क्षणी जागच्या जागी उभी असते. खाली कमेंट ठरलेली, "हे एआय आहे ना?"

एआय नाही. बहुतेक वेळा ते फ्रान्समधलं ल्यों शहर असतं आणि भिंत खरी असते.

रोन आणि सोन या दोन नद्यांच्या संगमावर वसलेलं हे शहर. महापालिका हद्दीतली लोकसंख्या सव्वापाच लाखांच्या आसपास. आणि ८ डिसेंबरच्या आगेमागे चार रात्री चालणाऱ्या 'फेत दे ल्युमिएर' म्हणजेच प्रकाशोत्सवात इथे सुमारे २० लाख भेटींची नोंद होते. आज जगभरातल्या शहरांत असे उत्सव भरतात. पण ल्योंची गोष्ट वेगळी, कारण तिथे प्रोजेक्टर यायच्या आधी जवळपास दीडशे वर्षं लोक घराच्या खिडकीत साधे दिवे लावत होते.

तर झालं असं की, १६४३ मध्ये प्लेगची साथ ल्योंच्या वेशीवर येऊन ठेपली होती. शहराच्या कारभाऱ्यांनी मेरीमातेला नवस बोलला. शहर वाचलं तर दरवर्षी फूर्व्हिएरच्या टेकडीवर जाऊन मेणबत्त्या आणि सोन्याचं नाणं वाहू. शहर वाचलं आणि नवस फेडला जाऊ लागला.

पुढे १८५२ मध्ये त्याच टेकडीवरच्या चॅपलच्या मनोऱ्यावर मेरीची मोठी सोनेरी मूर्ती बसवायचं ठरलं. शिल्पकार होते जोसेफ-ह्यूग फाबिश. अनावरण ८ सप्टेंबरला होणार होतं, पण सोन नदीला पूर आला, शिल्पकाराच्या कार्यशाळेत पाणी शिरलं आणि मुहूर्त तीन महिने पुढे गेला, ८ डिसेंबरला. त्या दिवशी तर वादळच आलं. आतषबाजीची सगळी तयारी झाली होती, ती गुंडाळून कार्यक्रम पुन्हा पुढे ढकलायच्या हालचाली सुरू झाल्या.

संध्याकाळी मात्र आभाळ मोकळं झालं. तोवर कार्यक्रम होणार की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं. लोकांनी वाट बघितली नाही. घरात होत्या नव्हत्या तेवढ्या मेणबत्त्या काढून खिडक्यांत लावल्या आणि रस्त्यावर आले. एका घराचं बघून दुसऱ्याने लावल्या, आणि थोड्या वेळात शहरभर खिडक्या उजळल्या. कुणी आदेश काढला नव्हता, कुणी आयोजक नव्हता.

दुसऱ्या वर्षीपासून ती रीत झाली. दर ८ डिसेंबरला खिडकीच्या कट्ट्यावर रंगीत, उभ्या रेघांच्या काचेच्या पेल्यात छोटी मेणबत्ती लावायची. तिला तिथे 'ल्युमिन्यों' म्हणतात. आपल्याकडे दिवाळीत बाजारात पणत्यांचे ढीग लागतात, तसे ल्योंच्या दुकानांत नोव्हेंबरअखेर या मेणबत्त्यांचे खोके दिसायला लागतात.

मग हा घरगुती सण शहराचा इव्हेंट कसा झाला?

याचं उत्तर पर्यटन खात्यात नाही, नगररचनेत आहे. १९८९ मध्ये मिशेल न्वार महापौर असताना ल्योंने 'प्लान ल्युमिएर' नावाचा आराखडा आणला. तोपर्यंत बहुतेक शहरांत रस्त्यावरच्या दिव्याचं काम एकच होतं. गाडीवाल्याला रस्ता दिसला पाहिजे आणि पायी चालणाऱ्याला भीती वाटता कामा नये. ल्योंने ठरवलं की रात्रीचं शहर कसं दिसावं याचाही आराखडा हवा. कुठला पूल उजळायचा, कुठल्या इमारतीचा फक्त माथा दाखवायचा, नदीकाठ किती मंद ठेवायचा. दोनशेहून जास्त ठिकाणी कायमस्वरूपी प्रकाशयोजना झाली. त्यातून प्रकाशरचनाकार नावाचा व्यवसाय शहरात रुजला आणि महापालिकेच्या अभियंत्यांनाही हात बसला.

ही पायाभरणी झाल्यावर १९९९ पासून उत्सव आजच्या अनेक रात्रींच्या रूपात सुरू झाला. तेरो चौकात महापालिका भवन आणि कलासंग्रहालयाच्या भिंती, सेंट जॉन कॅथेड्रल, बेलकूरचं भलंमोठं मैदान ही त्यातली हमखास गर्दीची ठिकाणं. २००२ मध्ये ल्योंच्याच पुढाकाराने 'लुसी' हे प्रकाशावर काम करणाऱ्या शहरांचं आंतरराष्ट्रीय जाळं उभं राहिलं. पुढे बाकीच्या शहरांनीही आपापले उत्सव काढले. सिडनीचा 'व्हिव्हिड' २००९ मध्ये सुरू झाला, तेव्हा संगीतकार ब्रायन ईनोने ऑपेरा हाऊसची पांढरी शिडं रंगवली होती. ॲमस्टरडॅमचा उत्सव २०१२ चा, प्रागचा 'सिग्नल' २०१३ चा. यातले बरेचसे उत्सव थंडीच्या किंवा मंदीच्या हंगामात भरतात, हा योगायोग नाही. त्या दिवसांत अंधार लवकर पडतो आणि हॉटेलं रिकामी असतात.

भिंत वितळते कशी?

या तंत्राला प्रोजेक्शन मॅपिंग म्हणतात. पडद्यावर सिनेमा दाखवताना पडदा सपाट असतो. इमारतीला मात्र खांब, कमानी, खाचा असतात. म्हणून आधी लेझर स्कॅनरने इमारतीचं मोजमाप घेऊन संगणकावर तिची हुबेहूब प्रतिकृती करतात. ॲनिमेशन त्या प्रतिकृतीवर बेततात. खऱ्या खांबाच्या कडेवर चित्रातली कड तंतोतंत बसली की डोळा फसतो. चित्रातला खांब वाकला की आपल्याला दगडच वाकल्यासारखा वाटतो. कड दोन बोटं सरकली तरी जादू संपते. त्यामुळे प्रोजेक्टर मोकळ्या चौकात नुसते मांडत नाहीत, वाऱ्याने हलणार नाहीत असे मनोरे बांधून त्यात बसवतात.

दुसरा प्रश्न उजेडाचा. घरगुती प्रोजेक्टर साधारण ३,००० ल्युमेनचा असतो. इथे २०,००० ते ३०,००० आणि त्याहून मोठे लागतात. समजा ४० मीटर उंच आणि २५ मीटर रुंद भिंत आहे, म्हणजे १,००० चौरस मीटर. त्यावर ३०,००० ल्युमेनचा एक प्रोजेक्टर टाकला तर प्रत्येक चौरस मीटरच्या वाट्याला येतात फक्त ३० ल्युमेन. रस्त्यावरच्या खांबाचा उजेडच साधारण १० ते २० असतो! म्हणून एकाच भिंतीवर अनेक प्रोजेक्टर एकावर एक टाकावे लागतात आणि चौकातले दिवे बंद करावे लागतात. आसपासच्या दुकानांच्या पाट्यासुद्धा अडचणीच्या ठरतात. थोडक्यात, प्रकाशाच्या उत्सवात सगळ्यात महाग वस्तू असते अंधार.

भिंतीचा रंगही महत्त्वाचा. ल्योंच्या कॅथेड्रलचा फिकट चुनखडी दगड प्रकाश छान परत फेकतो. सह्याद्रीतला काळा बसाल्ट उलट प्रकाश पिऊन टाकतो. त्यामुळे एखाद्या काळ्या दगडी किल्ल्यावरचा शो फिकट वाटला, तर दरवेळी ऑपरेटरला दोष देऊ नये.

२०१५ चा डिसेंबर

१३ नोव्हेंबर २०१५ ला पॅरिसमध्ये दहशतवादी हल्ले झाले. १३० माणसं मारली गेली. ल्योंचा उत्सव जेमतेम तीन आठवड्यांवर होता. लाखोंची गर्दी अरुंद गल्ल्यांत सुरक्षित ठेवणं शक्य नाही, असं म्हणून शहराने उत्सव रद्द केला. कलाकारांची तयार कामं तशीच राहिली. त्याऐवजी लोकांना एकच विनंती करण्यात आली, ८ तारखेला मृतांच्या आठवणीत खिडकीत ल्युमिन्यों लावा.

आणि लोकांनी लावल्या. १८५२ मध्ये ऐनवेळी कार्यक्रम अडला तेव्हा जे घडलं होतं, तेच १६३ वर्षांनी पुन्हा घडलं. ल्यों समजून घ्यायचं असेल तर लाखो व्ह्यूज मिळालेल्या कुठल्याही रीलपेक्षा ही एक रात्र जास्त सांगते.

पुढच्या वर्षी उत्सव परतला, पण तीन रात्रींचा. शहराच्या मधल्या भागाभोवती कडं करून प्रवेशद्वारांवर पिशव्या तपासायला सुरुवात झाली. २०२० मध्ये कोरोनाने तो पुन्हा बंद पाडला. खिडकीतल्या मेणबत्तीला मात्र ना परवानगी लागली ना बंदोबस्त.

दुःखातून जन्मलेला आणखी एक असा उत्सव जपानमध्ये आहे. १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपात कोबे आणि परिसरात ६,४०० हून जास्त माणसं गेली. त्याच डिसेंबरमध्ये, शहर अजून सावरत असताना, इटालियन पद्धतीच्या दिव्यांच्या कमानी रस्त्यावर उभ्या राहिल्या. हीच 'कोबे ल्युमिनारिए'. खर्च भागावा म्हणून येणाऱ्यांकडून १०० येनच्या देणगीचं आवाहन केलं जातं. कोरोनाच्या खंडानंतर २०२४ पासून हा सोहळा डिसेंबरऐवजी जानेवारीत, म्हणजे भूकंपाच्या महिन्यात भरू लागला.

पण या उजेडाची किंमत कोण मोजतं?

याचं सगळ्यात नेमकं मोजमाप न्यूयॉर्कमध्ये झालं आहे. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांच्या स्मरणार्थ तिथे दरवर्षी आकाशात दोन निळसर झोत सोडतात. प्रत्येकी ७,००० वॉटचे ८८ झेनॉन दिवे. स्वच्छ रात्री हे झोत जवळपास १०० किलोमीटरवरून दिसतात. नेमक्या त्याच दिवसांत लाखो पक्षी दक्षिणेकडे स्थलांतर करत असतात, तेही रात्री. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधकांनी रडारच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सात रात्रींत मिळून सुमारे ११ लाख पक्ष्यांवर या झोतांचा परिणाम झाल्याचा अंदाज निघाला. पक्षी झोतात शिरून घिरट्या घालत राहतात, ओरडतात, दमतात, काही इमारतींवर आदळतात.

या अभ्यासातली दिलासा देणारी गोष्ट अशी, की दिवे बंद केल्यावर काही मिनिटांतच पक्षी आपल्या वाटेला लागतात. म्हणून तिथे रात्रभर पक्षीमित्र दुर्बिणी घेऊन बसतात. झोतात हजाराहून जास्त पक्षी अडकले की दिवे २० मिनिटं बंद होतात. स्मारकही राहिलं आणि पक्ष्यांची सोयही झाली, फक्त कुणीतरी मोजायला बसावं लागलं.

मुंबईत हा प्रश्न झाडांच्या रूपाने आला. सुशोभीकरणाच्या नावाखाली झाडांच्या बुंध्यांना आणि फांद्यांना एलईडी माळा गुंडाळल्या गेल्या, त्याही चार रात्रींसाठी नाही, तर महिनोन्महिने. झाडाला दिवस-रात्र कळते ती उजेडावरून, आणि त्यावर राहणाऱ्या पक्ष्यांना, किड्यांनाही. मुंबई, ठाणे आणि मीरा-भाईंदरमधल्या या रोषणाईविरुद्धची जनहित याचिका २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर आली. न्यायालयाने राज्य सरकार आणि महापालिकांना नोटीस काढली, आणि मुंबई महापालिकेने झाडांवरच्या माळा उतरवायला घेतल्या.

ल्यों आणि आपल्या रस्त्यांतला फरक इथेच आहे. तिथे काय उजळायचं याचा आराखडा आधी झाला आणि उत्सव नंतर आला. आपल्याकडे बहुतेक वेळा आधी माळांचं टेंडर निघतं.

ल्योंला जायचा बेत असेल तर राहण्याचं बुकिंग बरेच महिने आधी करा आणि कॅथेड्रलसमोर रेटारेटी करण्याआधी एखाद्या साध्या निवासी गल्लीतून चक्कर मारा. तारीख मात्र ८ डिसेंबरच धरा, खिडक्यांतल्या मेणबत्त्या त्याच संध्याकाळी लागतात.