केळीवर व्हायरस आला की फवारणी का चालत नाही? रोपातली पेशी, जनुकं आणि विषाणू समजून घ्या

मृगबागेची लागवड झाली आणि पावसाची झड लागली, की रावेर, यावल, मुक्ताईनगर, चोपडा या केळीच्या पट्ट्यात एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "पानावर पिवळे पट्टे दिसतायत, काय फवारू?" उत्तर कुणालाच आवडत नाही. ते झाड औषधाने बरं होत नाही, कंदासकट उपटून काढावं लागतं.

विकत आणलेलं, ठिबकवर जोपासलेलं, खतं दिलेलं रोप उपटायला हात धजत नाही. मग दुकानातून एक बाटली येते, आठ दिवसांनी दुसरी येते, आणि तोवर शेजारची दहा झाडं पिवळी पडतात. असं का होतं याचं उत्तर पोरांच्या नववी-दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. पेशी, पेशीविभाजन, जनुकं आणि विषाणू हे चार धडे केळीच्या एकाच रोपात कसे एकत्र येतात ते इथे पाहू.

पेशी आणि तिच्यातली चोपडी

घर विटांचं असतं तसं झाड पेशींचं असतं. प्रत्येक पेशीत एक केंद्रक असतं आणि केंद्रकात धाग्यासारखी गुणसूत्रं असतात. गुणसूत्र म्हणजे सूचनांची चोपडी समजा. तिच्यातली एकेक सूचना म्हणजे जनुक. झाड किती उंच वाढेल, घड कसा पडेल, फळ कसं पिकेल, याच्या सूचना तिथे लिहिलेल्या असतात. ही भाषा ज्या पदार्थात लिहिलेली असते त्याला डीएनए म्हणतात.

माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, म्हणजे २३ जोड्या. एक संच आईकडून, एक बापाकडून. जंगली केळीत २२ असतात, म्हणजे ११ चे दोन संच. आपल्याकडच्या बसराई आणि ग्रँड नैन, म्हणजे जी-९, या केळींत मात्र ३३ असतात. ११ चे तीन संच. इथेच सगळी गंमत आहे.

केळीत बी का नाही?

पेशी दोन प्रकारे विभागते. पहिला प्रकार वाढीचा. पेशी आपल्या चोपडीची हुबेहूब नक्कल काढते आणि एकीच्या दोन होतात. दोघींकडे पूर्ण चोपडी असते. याला सूत्री विभाजन म्हणतात. पोगा बाहेर येतो, मुळी पुढे सरकते, मुनवा फुटतो, ते सगळं याच विभाजनामुळे. एका पेशीने दहा वेळा असं केलं तर १,०२४ पेशी होतात.

दुसरा प्रकार बीजासाठीचा. त्यात गुणसूत्रं जोडीजोडीने समोरासमोर येतात आणि निम्मी निम्मी वाटली जातात. याला अर्धगुणसूत्री विभाजन म्हणतात. आता तीन संच असले तर जोड्या लावायच्या कशा? तिघा भावांत दोन बैल वाटायला घेतले तर जे होतं तेच इथे होतं. वाटणी बिघडते, चांगलं परागकण आणि बीजांड तयार होत नाही, म्हणून बी धरत नाही. जंगली केळं मात्र दगडासारख्या कडक बियांनी भरलेलं असतं.

बी नाही म्हणजे नवं झाड मुनव्यापासून किंवा कंदापासूनच होणार. म्हणजे फक्त पहिल्या प्रकारच्या विभाजनातून. त्यामुळे प्रत्येक रोप ही आईची नक्कल. बापाचा संबंधच नाही.

टिश्यूचं रोप कसं बनतं?

ऊतिसंवर्धन म्हणजे हीच नक्कल प्रयोगशाळेत वेगाने काढणं. निवडलेल्या मातृवृक्षाच्या मुनव्यातून आतला कोंब काढतात, निर्जंतुक करतात आणि काचेच्या बाटलीत अगर नावाच्या जेलीवर ठेवतात. त्या जेलीत साखर, खनिजं, जीवनसत्त्वं आणि संप्रेरकं असतात. बऱ्याच प्रयोगशाळा आजही त्यासाठी मुराशिगे आणि स्कूग या दोन शास्त्रज्ञांनी १९६२ साली दिलेला फॉर्म्युला वापरतात.

संप्रेरकामुळे एका कोंबाला अनेक कोंब फुटतात. ते वेगळे करून पुन्हा नव्या बाटलीत लावतात. प्रत्येक फेरीत एकाचे तीन झाले असं धरलं, तर आठ फेऱ्यांत ६,५६१ रोपं होतात. मग मुळ्या फुटू देतात, रोपं ट्रेमध्ये आणि नंतर पिशवीत वाढवून बाहेरच्या हवेची सवय लावतात. याला हार्डनिंग म्हणतात.

मग फेऱ्या आणखी का वाढवत नाहीत? कारण नक्कल काढताना चूक होते. हाताने वही उतरवताना एखादा शब्द सुटतो, तसंच. पेशी चुका दुरुस्त करते, पण सगळ्या नाही. फेऱ्या वाढत गेल्या की चुका साठतात आणि बागेत एखादं झाड खुजं, एखादं लांब चिंचोळ्या पानाचं, एखादं वेड्यावाकड्या घडाचं निघतं. म्हणून केळीत साधारण आठ फेऱ्यांपुढे जाऊ नये असा संकेत आहे. असं विचित्र झाड दिसलं की सगळे "व्हायरस" म्हणतात, पण कधीकधी तो व्हायरस नसून जनुकातला बदल असतो. तो शेजारच्या झाडाला लागत नाही.

नक्कल चांगलीही असते, धोक्याचीही

सगळी झाडं एकसारखी म्हणजे घड एकदम निघतो, कापणी सोपी जाते, व्यापाऱ्याला एकसारखा माल मिळतो. पण एका झाडाला जो रोग मारतो तो सगळ्यांना मारू शकतो. मध्य अमेरिकेतून पूर्वी ग्रॉस मिशेल नावाची केळी जगभर जायची. पनामा मर या बुरशीच्या रोगाने त्या बागा उद्ध्वस्त केल्या आणि १९५० ते ६० च्या दशकांत व्यापारी कॅव्हेंडिश गटाच्या केळीकडे वळले. आपली बसराई आणि जी-९ दोन्ही त्याच कॅव्हेंडिश गटातल्या. ग्रँड नैन या फ्रेंच नावाचा अर्थही "मोठा बुटका" असा आहे.

विषाणू म्हणजे नेमकं काय?

बुरशी आणि जीवाणू स्वतःच्या पेशीचे असतात. ते खातात, वाढतात, विभागतात. विषाणूला पेशीच नसते. थोड्याशा सूचना आणि त्यावर प्रथिनाचं कवच, एवढाच त्याचा संसार. १८९२ साली रशियाच्या इव्हानोव्हस्की यांनी तंबाखूच्या रोगट पानांचा रस जीवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळला, तरी गाळलेल्या रसाने रोग होतच होता. १८९८ मध्ये हॉलंडच्या बायरिंक यांनी हे काहीतरी वेगळंच आहे असं सांगून त्याला व्हायरस म्हटलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ विष.

केळीवर येणारा कुकुंबर मोझॅक व्हायरस, म्हणजे सीएमव्ही, आपल्याकडे हरण्या रोग म्हणूनही ओळखतात. त्याचा एक कण सुमारे २९ नॅनोमीटरचा. एका मिलिमीटरात असे जवळपास ३४ हजार कण ओळीने बसतील. केळीच्या पेशीत ३६ हजारांच्या आसपास जनुकं आहेत हे २०१२ साली तिचा जनुकसंच वाचल्यावर कळलं. सीएमव्हीकडे मात्र फक्त पाच प्रथिनांच्या सूचना आहेत. त्याही डीएनएमध्ये नाहीत, आरएनएमध्ये आहेत, कोरोनाच्या विषाणूसारख्या.

एवढ्याशा भांडवलावर त्याचं कसं चालतं? तो पेशीत शिरतो आणि केळीच्याच यंत्रणेकडून आपल्या नकला काढून घेतो. गिरणी तुमची, वीज तुमची, दळण त्याचं. मग त्याचं एक प्रथिन पेशी-पेशींमधली बारीक छिद्रं मोठी करतं आणि तो शेजारच्या पेशीत जातो. पुढे अन्नरस वाहणाऱ्या नळ्यांतून कंदात आणि मुनव्यांतही पोचतो.

औषध का लागू पडत नाही?

बुरशीनाशक बुरशीच्या पेशीवर घाव घालतं, अँटिबायोटिक जीवाणूच्या पेशीवर. विषाणूला पेशीच नाही, त्यामुळे ही औषधं मारणार कशाला? तो केळीच्याच यंत्रणेवर चालतो. ती यंत्रणा बंद पाडायची तर झाडच मरेल. झाडांत आपल्यासारखी प्रतिपिंडं बनत नाहीत, म्हणून आपल्याला देतात तशी लसही त्यांना देता येत नाही. सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या फवारणीने पान थोडे दिवस हिरवं दिसेल, पण आतला विषाणू तसाच राहतो.

मग कीटकनाशकाने मावा मारला तर? उपयोग आहे, पण अर्धाच. सीएमव्ही पसरवणारा मावा बहुधा केळीवर वस्ती करत नाही. तो कपाशी, काकडी, मिरची, टोमॅटो आणि बांधावरच्या तणावर वाढतो. उडत केळीवर येतो, एकदा सोंड खुपसून चव बघतो आणि पुढे जातो. एवढ्या काही सेकंदांत विषाणू आत गेलेला असतो. औषधाने मावा नंतर मरतो. म्हणून लढाई झाडावर नाही, बांधावर आहे. सीएमव्ही हजाराहून जास्त जातींच्या वनस्पतींवर जगतो.

पर्णगुच्छ, म्हणजे बंची टॉप, हा दुसरा विषाणू. त्याचा मावा केळीवरच, पानाच्या बेचक्यात राहतो आणि त्याला रस शोषायला जास्त वेळ लागतो. तिथे मावा नियंत्रणाचा फायदा जास्त होतो.

टिश्यूचं रोप व्हायरसमुक्त असतं का?

"टिश्यूचं आहे म्हणजे व्हायरस नसणारच" ही समजूत चुकीची आहे. कोंबाच्या अगदी टोकावरच्या पेशी झपाट्याने विभागतात आणि तिथवर अन्नरसाच्या नळ्या पोचलेल्या नसतात, म्हणून तिथे विषाणू बहुधा कमी असतो. पण व्यापारी उत्पादनात घेतलेला कोंबाचा तुकडा त्याहून मोठा असतो. मातृवृक्षच रोगट असेल तर हजारो रोपं रोगट निघतील. नक्कल चांगल्या गुणाची निघते तशी रोगाचीही निघते.

यासाठी केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ साली ऊतिसंवर्धित रोपांसाठी राष्ट्रीय प्रमाणन व्यवस्था सुरू केली. त्यात केळीचं साहित्य सीएमव्ही, बंची टॉप, स्ट्रीक आणि ब्रॅक्ट मोझॅक या चार विषाणूंसाठी तपासतात. तपासणी एलायझा किंवा पीसीआर पद्धतीने होते. पीसीआर हे नाव कोरोनाच्या काळात घराघरांत पोचलंच आहे.

पण प्रमाणपत्र म्हणजे कवच नव्हे. रोप प्रयोगशाळेतून निरोगी निघालं, तरी हार्डनिंगच्या शेडनेटमध्ये किंवा शेतात मावा शिरला की लागण होऊ शकते. त्यामुळे शेतात रोग दिसला म्हणजे दोष रोपवाटिकेचाच असं लगेच म्हणता येत नाही. लागवडीनंतर लगेच, शेतभर विखुरलेली झाडं दिसली तर रोपांवर संशय घ्यायला जागा आहे. बांधाकडून सुरू होऊन आत सरकत गेलं तर बाहेरचा मावा आठवा. खात्री मात्र प्रयोगशाळेच्या तपासणीनेच होते.

शेतकऱ्याने काय करायचं?

१. रोपं घेताना प्रमाणपत्र, लेबल आणि बॅच नंबर बघा. पक्की पावती घ्या आणि लेबलांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढे तक्रार करायची वेळ आली तर हाच पुरावा.

२. रोपवाटिकेत स्वतः जा. शेडनेट फाटलेलं आहे का, आजूबाजूला काकडीवर्गीय वेल किंवा गाजर गवत आहे का, ते पाहा.

३. केळीत आणि बांधाला काकडी, भोपळा, मिरची, टोमॅटो लावू नका. लागवडीच्या आधीच बांध आणि चारी तणमुक्त करा.

४. पहिले चार महिने दर आठवड्याला ओळीओळीने फिरा. पोग्यात आणि नव्या पानावर तुटक पिवळे-हिरवे पट्टे, पान आखडणं, पोगा सडणं ही लक्षणं बघा. लोह-जस्ताची कमतरता साधारण सलग पट्ट्यात दिसते, विषाणूचं झाड निरोगी झाडांच्या मधोमध एकटं दिसतं.

५. रोगट झाड दिसलं की आधी मावा उडू नये म्हणून शिफारशीतलं कीटकनाशक मारा, मग झाड कंदासकट उपटा. शेताबाहेर नेऊन पुरा किंवा जाळा. बांधावर फेकू नका. कंद राहिला तर त्याला रोगट मुनवाच फुटेल.

६. अशा बागेतले मुनवे लागवडीसाठी कुणालाही देऊ नका, पाहुण्यालाही नाही. रोग आलेल्या बागेची पीलबाग ठेवताना कृषी सहायकाचा सल्ला घ्या.

७. शेजाऱ्याला लगेच सांगा. मावा सातबारा पाहून उडत नाही. एकाने उपटली आणि दुसऱ्याने ठेवली तर दोघांचंही नुकसान होतं.

केळीचा हा विषाणू माणसाला आजार करत नाही, त्यामुळे फळ खाण्याबद्दल कुणी अफवा पसरवली तर घाबरू नका.

पहिल्या महिन्यात पाच झाडं उपटली तर पाच झाडांचा तोटा होतो आणि तिथे नांग्या भरता येतात. तीच पाच झाडं जीव लावून दोन महिने ठेवली तर त्यांची पन्नास होतात, आणि तेव्हा नांग्या भरायची वेळही निघून गेलेली असते.