स्वकलंक : या अभ्यासात शिरताना

‘याला ठाण्याला पाठवा,’ ‘हा काय येरवड्याहून सुटून आलाय का?’ अशी वाक्ये मराठी घरांत आणि शाळांत सहज थट्टेत बोलली जातात. बोलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तेव्हा तिथल्या मनोरुग्णालयातला एकही माणूस नसतो. समाजशास्त्रज्ञ ब्रूस लिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली मांडलेला सिद्धान्त इथूनच समजून घेता येतो. मानसिक आजाराविषयी समाजाचे मत काय, हे आपण आजारी पडण्याच्या कितीतरी आधी शिकून बसलेलो असतो. पुढे कधी स्किझोफ्रेनिया हे निदान आपल्याच केसपेपरवर उमटले, की इतकी वर्षे इतरांसाठी वापरलेले ते मत आपल्यावर उलटते. मग कुणी काही बोलायच्या आतच माणूस गोळ्या लपवू लागतो, लग्नकार्ये टाळू लागतो.

पण सगळ्यांचे असे होत नाही, आणि हेच या विषयाचे खरे कोडे. पॅट्रिक कॉरिगन आणि एमी वॉटसन या संशोधकांनी २००२ साली ते नेमके पकडले. समाजाचे मत ठाऊक असणे वेगळे आणि ते स्वतःबद्दल पटणे, म्हणजेच स्वकलंक, वेगळे. काही जण खचतात, काहींना त्याचे काहीच वाटत नाही, तर काही चक्क संतापतात. खचलेला माणूस ‘कशाला प्रयत्न करायचा?’ म्हणत नोकरीचा अर्जही भरत नाही.

२००३ पासून हा स्वकलंक मोजायला २९ विधानांची एक प्रश्नावली आहे. ती उपयोगी आहे, पण माझा तिच्यावर एक आक्षेप आहे. रुग्णाच्या मनातले मोजता मोजता दोषही त्याच्याच मनात शोधण्याची सवय आपल्याला लागते. मालक खरोखरच कामावरून काढणार असेल, तर आजार लपवणे हा निव्वळ व्यवहार आहे. उपचारांत आणि विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने वागवावे, असे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो. पण स्थळ बघायला आलेली मंडळी कायदा वाचून येत नाहीत. लपवण्यामागचा हा व्यवहार समजायला बंगळूरमधल्या रुग्णांचा १९९६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मोलाचा आहे. त्यात उदासीची लक्षणे कलंकाच्या भावनेशी जोडलेली आढळली, अंगदुखीसारखी शारीरिक लक्षणे तशी नव्हती. ‘डोके दुखते, झोप नाही’ एवढेच सांगणाऱ्या रुग्णाला अडाणी समजणाऱ्यांनी तो जरूर वाचावा.

नव्या वाचकाने, मग तो विद्यार्थी असो, परिचारिका असो वा स्वतः उपचार घेणारा, मोजपट्ट्यांच्या आधी पॅट्रिशिया डीगन यांना वाचावे. त्यांना किशोरवयातच स्किझोफ्रेनियाचे निदान झाले; पुढे त्या मानसशास्त्रज्ञ झाल्या. हा आजार बरा होत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा आपल्या आत संताप उसळला, असे त्यांनी लिहिले आहे. कॉरिगन-वॉटसन यांच्या मते असा संताप येतो तो आपल्यासारख्यांच्या गटाशी जोडले गेल्याने. त्या एकट्या मुलीपाशी तेव्हा कुठला गट होता?