सुट्या भागांचे पाठभेद

यंत्राचा इतिहास लिहिताना ते केव्हा बाजारात आले, कुणी आणले आणि त्याने कोणते विक्रम केले, एवढे नोंदवून आपण सहसा थांबतो. निर्मिती बंद झाल्यावर त्या यंत्राचे काय होते, हा प्रश्न इतिहासाच्या कक्षेबाहेरचा मानला जातो. वस्तुतः यंत्राच्या आयुष्याचा मोठा भाग या उत्तरकाळातच जातो आणि तो सर्वस्वी सुट्या भागांवर अवलंबून असतो. नांदेड व लातूर येथे अजूनही अधूनमधून दिसणाऱ्या 'करिझ्मा' या मोटारसायकलीच्या निमित्ताने आम्ही या उत्तरकाळाकडे पाहू इच्छितो.

हिरो होंडाने करिझ्मा आणली ती 2003 साली. मायलेज हाच ज्या काळाचा मूलमंत्र होता, त्या काळात 223 घनसेंटिमीटरचे इंजिन, पुढे वारा कापणारे अर्धे आवरण आणि पंधरा लिटरची टाकी असलेली ही गाडी वेग आणि लांबचा पल्ला या दोहोंसाठी होती. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करीत लातूर गाठावे आणि पाठ दुखू नये, अशी ती सोय होती. पुढे 2009 साली पूर्ण आवरणाची आणि फ्युएल इंजेक्शनची 'झेडएमआर' आली. डिसेंबर 2010 मध्ये हिरो आणि होंडा यांनी विभक्त होण्याचे ठरवले, 2011 साली कंपनीचे नाव हिरो मोटोकॉर्प झाले आणि 2014 साली गाडीचे रूप पुन्हा बदलले. 2023 साली 'करिझ्मा एक्सएमआर' अवतरली. परंतु तिचे 210 घनसेंटिमीटरचे, पाण्याने थंड होणारे इंजिन सर्वस्वी वेगळे आहे. नाव परत आले, सुटे भाग मात्र परत आले नाहीत.

असा प्रसंग प्रथमच आला असे नव्हे. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीत 1961 पासून जावा आणि नंतर येझदी तयार झाल्या. तो कारखाना 1996 साली बंद पडला. एस्कॉर्ट्सने 1983 साली यामाहाच्या सहकार्याने आणलेली राजदूत 350 तर दशकभरही टिकली नाही. या गाड्या पुढे चालत राहिल्या त्या मिस्त्री, लेथवाले आणि भंगारवाले यांच्या भरवशावर. करिझ्माच्या वाट्याला आज तीच परंपरा आली आहे.

सुट्या भागांतही एक उतरंड असते. चेनसेट, क्लचप्लेटा, ब्रेकपॅड हे झिजणारे भाग. त्यांना सतत मागणी असल्याने कुणी ना कुणी ते बनवीत राहतो. खरी अडचण न झिजणाऱ्या, परंतु फुटणाऱ्या वा जीर्ण होणाऱ्या भागांची असते. पुढचे आवरण, हेडलाईट, मीटर, कार्बोरेटरमधला रबरी पडदा यांची मागणी तुरळक असते. ते हवे असतील तर दुसरी एखादी गाडी मोडलेली असावी लागते. जुना भाग मिळाल्याचा आनंद होतो तेव्हा त्यामागे बहुधा कुणाचा तरी अपघात वा कुणाची तरी निकड उभी असते, हे विसरता येत नाही.

हे भाग येतात कोठून? येथे प्रदेशाचा इतिहास मध्ये येतो. हैदराबादहून मनमाडला जाणारी गोदावरी खोऱ्यातली रेल्वे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर नांदेडवरून गेली. लातूरला मात्र बार्शी लाईट रेल्वेची अरुंद गाडी पोचली आणि तिची वाट कुर्डुवाडीकडे, म्हणजे पुण्या-मुंबईच्या दिशेने होती. 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामी राजवट संपली, 1956 साली मराठवाडा हैदराबादपासून वेगळा झाला. बाजाराच्या वाटा मात्र एवढ्या सहज वळत नाहीत. आमच्या पाहण्यात नांदेडचा मिस्त्री अडलेल्या भागासाठी आधी हैदराबादला फोन लावतो आणि लातूरचा पुण्याच्या जुन्या बाजाराची आठवण काढतो. राज्याच्या सीमा बदलल्या तरी भंगाराचा भूगोल जुनाच राहिला, असे म्हणावेसे वाटते.

साहित्याच्या अभ्यासकाला या व्यवहारात काही ओळखीचे दिसेल. 'लीळाचरित्रा'ची मूळ प्रत धाडीत नष्ट झाली आणि अनुयायांनी स्मरणातून ती पुन्हा सिद्ध केली, असे महानुभाव परंपरा सांगते. पाठभेदांचा प्रश्न तेथूनही उद्भवतो. जुन्या गाडीचेही असेच असते. इंजिन 2005 चे, मीटर 2008 चे, आवरण स्थानिक साच्यातले. यांतील मूळ पाठ कोणता आणि प्रक्षेप कोणता, हे कंपनीच्या पुस्तकावरून कळेल. पण कोणता भाग कशाला चालतो, कोठे कानस मारावी लागते, हे ज्ञान मिस्त्रीच्या स्मरणातच असते. ते कोणी लिहून ठेवलेले नाही. त्याचे गॅरेज बंद झाले की एक हस्तलिखितच गेले.

तथापि या परंपरेचे निव्वळ गौरवीकरण करणे आम्हांस मान्य नाही. प्रतीची पूर्वपीठिका तपासल्याशिवाय संपादक तिच्यावर विसंबत नाही. भागांच्या बाबतीत तर हा प्रश्न केवळ अभ्यासाचा नाही. ज्याच्यावरचा क्रमांक खोडला आहे असे इंजिन स्वस्त मिळते, कारण ते बहुधा कुणाच्या तरी दारातून गेलेले असते. मोटार वाहन कायदा, 1988 च्या 52 व्या कलमान्वये इंजिन बदलायचे तर नोंदणी अधिकाऱ्याची मान्यता लागते. जुनी गाडी जगवण्याच्या प्रेमापोटी हे डोळ्याआड करणारा ग्राहकच चोरीच्या बाजाराला आधार देतो.

खाजगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर नव्याने करून घ्यावी लागते. एप्रिल 2022 पासून त्याचे शुल्क तीनशेवरून हजार रुपयांवर गेले. ज्याचे पोट त्याच गाडीवर आहे, त्याला जुनी गाडी हा छंद नसून गरज असते. निर्मिती थांबवण्याचा निर्णय दूरच्या कार्यालयात होतो आणि त्याची किंमत अशा माणसाला मोजावी लागते. म्हणून निर्मात्याने सुटे भाग किती वर्षे पुरवावेत, हा ग्राहकाच्या हक्काचा प्रश्न आहे. आणि मिस्त्रीकडचे ज्ञान टिपून ठेवणे हे काम मराठवाड्यातल्या महाविद्यालयांना सहज करता येण्याजोगे आहे. आपण विद्यार्थ्यांना ओव्या आणि म्हणी गोळा करायला पाठवतो. एखाद्या तुकडीला वही घेऊन गॅरेजातही पाठवायला हरकत नसावी.