मजुरीच्या आकड्यांची चाल



वर्षानुवर्षांची मजुरी एका ओळीत मांडली, की त्या आकड्यांना एक चाल असते. ती ओळखणे हे काही पेढीवाल्याचेच काम नव्हे. आपल्या गोंदियात हजार विड्यांच्या दरावर घर चालविणाऱ्या बाईलाही त्याची तितकीच गरज आहे.

समजा, दर १००, ११०, १२० असा चढला. शेजारचे आकडे वजा करा. दरवेळी १० उरतात. ही सारख्या रकमेची वाढ. दुसरी ओळ १००, ११०, १२१ अशी. येथे वजाबाकी वाढत जाते, पण भागाकार सारखाच येतो. ही शेकडा वाढ. पहिल्या वर्षी दोन्ही सारख्याच दिसतात, आणि फसगत होते ती तेथेच! दहा वर्षांनी पहिली ओळ २०० वर येते, दुसरी २५९ च्या पुढे जाते. महागाई दरसाल शेकडा १० ने चढली, तर त्या २०० रुपयांत आरंभीच्या ७७ रुपयांचाच बाजार येईल.

हा हिशेब मुंबईच्या गिरणी कामगारांनी किंमत देऊन शिकला. युद्धाच्या महागाईत, १९४० साली, न्यायमूर्ती रांगणेकर यांच्या मंडळाने रोज दोन आणे भत्ता सुचविला. ती ठरीव रक्कम होती. कामगारांनी ती नाकारली आणि मार्चपासून सुमारे चाळीस दिवस संप केला. पुढे युद्धकाळातच भत्ता राहणीखर्चाच्या निर्देशांकाशी जोडला गेला.

मग भांडण मिटले काय? नाही, ते आता मापावर आले. निर्देशांक खरी महागाई दाखवीत नाही, ही तक्रार वाढत गेली आणि २० ऑगस्ट १९६३ रोजी मुंबई बंद पडली. सरकारने नेमलेल्या लकडावाला समितीला त्या निर्देशांकात खरोखरच उणेपणा आढळला. म्हणजे चाल बरोबर होती, पण मापच खोटे होते.

विडी कामगारांसाठी १९६६ साली स्वतंत्र कायदा झाला. तरीही दर वाढला आणि त्याबरोबर छाटही वाढली, तर हातात काय उरते? म्हणून ओळ मांडावी ती जाहीर दराची नव्हे, प्रत्यक्ष हाती पडलेल्या पैशांची. आधी वजाबाकी करावी, मग भागाकार, आणि शेवटी बाजारभावाशी ताळा पाहावा. एवढे गणित घरोघर झाले, तर करारावर अंगठा उठण्यापूर्वी प्रश्न उठेल.